गावचा चिखल

भादव्यात भात पोटरीला आलं की खाडीचं पाणी वर बघायला लागतं. आषाढ-श्रावणात पावसाचा एवढा दंगा असतो की खाडीकडे कुणाचं लक्ष जात नाही. भादव्यात पाऊस जरा दम घेतो, ऊन पडतं, दाण्यात दूध भरतं, आणि नेमकं तेव्हाच अवसेचं आणि पुनवेचं उधाण मोठं होत जातं. वर्षातलं सगळ्यात मोठं पाणी आणि वर्षातलं सगळ्यात कोवळं भात एकाच महिन्यात, आणि दोघांच्या मधे फक्त एक बांध. ज्याने ही जोडी जुळवली त्याला कधी शेती करावी लागली नसणार.

यंदाही भादवा आला. परवा पुनवेला दुपारी बांधावर जाऊन उभा राहिलो. भरतीचं पाणी बांधाला लागून उभं होतं, आतल्या शेतापेक्षा वर. बांध हलला नाही. मोठा बांध आहे, खालून रुंद, बाहेरून दगडाने मढवलेला. आतल्या बाजूला नजर पोचते तिथवर हिरवं. चांगला बांध आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारा सरकारला शिव्या द्यायला बसलाय. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, तेच मला कळत नाही. कळलं असतं तर मन तरी मोकळं झालं असतं.

चांगुणा, माझी बायको, गेल्या साली श्रावणात गेली. तेव्हापासून मी बांधावर रोज जातो. घरात काय करायचं? सून भाकरी वाढते, मुलगा पनवेलला एसटीच्या डेपोत कामाला जातो, आणि मी भिंतीकडे बघतो. त्यापेक्षा खाडी बरी. ती निदान येते आणि जाते.

चांगुणा कर्नाळ्याच्या पायथ्याची. तिच्या माहेरी डोंगराचा ओढा, गोड विहीर, आणि पांढरं बारीक भात. आमच्याकडे खारं वारं, खारी माती, आणि तिच्यात उगवणारं लाल रात्याचं भात. लग्न होऊन आली, पहिल्या दिवशी तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "तुमच्या गावचं पानी पिलं का परत तहान लागतं." माझी आई फणकारली, "मंग ये ना तुजा वढा घेऊन!" चांगुणा हसली. पण बोलली ते खरं होतं. गावात होतं ते पाणी मचूळ. गोडं पाणी आणायला बायका कामोठ्याच्या अंगाला जायच्या, डोक्यावर दोन हंडे, पायाखाली निसरडा बांध. खारेपाटात, आमच्या या खाऱ्या मुलखात, मुलगी द्यायची म्हणजे तिला जन्माची पाणी भरायला लावायची, असं डोंगराकडचे लोक म्हणत. तिच्या बापाने तरीही दिली. का दिली, ते तिने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हाचा बांध मातीचा. माती तरी कसली, चिखलच. आमच्या आज्या-पणज्यांनी हाताने थापून उभा केलेला. दर साली भात झोडून झालं की त्याच्यावर नवा थर द्यायचा. खेकड्यांनी बिळं केली की टाचेने दाबून बुजवायची. बांधावरून चालणारा कुणीही असो, मिरवणुकीतला नवरदेव का असेना, बीळ दिसलं की टाच मारूनच पुढे जायचा. ती सवय पायाला होती, तिला डोकं लागत नव्हतं.

आणि तरी कधीतरी बांध फुटायचाच. मग आरोळी उठायची, "खांड गेली!" खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. आरोळी ऐकली की घरात कुणी मेलेलं असलं तरी त्या घरातून माणूस निघायचा. दर घराने पेंढ्याचा एक भारा आणायचा. ओहोटी लागली की दोन रांगा करायच्या, चिखलाचे गोळे हाताने कापायचे आणि एका हातातून दुसऱ्या हातात देत खांडीपर्यंत पोचवायचे. गोळा, पेंढा, गोळा, पेंढा. भरती परत यायच्या आत तोंड बंद झालं तर शेत वाचलं. नाहीतर त्या साली भात गेलं, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुण्यात गेले.

चांगुणाची पहिली खांड तिच्या लग्नाच्याच वर्षी आली. हातात हिरवा चुडा होता. गोळे देता देता सगळा चुडा चिखलात गेला. म्हाताऱ्या बाया रांगेतून ओरडल्या, "काय गो नवरी, हलद धुतली का खाडीनं?" तिने तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "हलद र्‍हाऊ दे, म्हातारे, तुजा गोला पुढं दे, कवाशी कवटालून बसलीस!" सगळी रांग हसली. मला तेव्हा वाटलं, ही टिकणार इथे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच महत्त्वाची. चिखल आणायचा कुठून? उधाणाच्या वेळी लांबून चिखल आणायला सवड नसते. म्हणून बांधाला लागून, आतल्या अंगाला, एक लांब पट्टा गावाने मोकळा ठेवलेला. त्याच्यावर नांगर घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत, गवतसुद्धा कापायचं नाही. तो सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही. त्याला आम्ही गावचा चिखल म्हणायचो. जमिनीचा मालक आमच्याकडून मूठभर भात सोडत नसे, पण त्या पट्ट्यावर त्यानेही कधी पाय टाकला नाही. आम्ही सगळी कुळं, दुसऱ्याचं शेत कसून जगणारी. गावाच्या मालकीचं म्हणून काही असेल तर तेवढा चिखल.

स्वराज्य आलं, त्याच्यानंतर काही वर्षांनी सरकारचा बांध आला. ओव्हरसियर साहेब घाटावरचा, कोवळा माणूस होता, बोलायला गोड. पळसप्याच्या बाजूने दगडाच्या गाड्या आल्या. डोंगरातल्या कातकरी बायकांनी डोक्यावरून माती वाहिली. लाकडी उघाडी, म्हणजे आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं जुनं दार, काढली आणि तिथे लोखंडी झडप बसवली. भरती आली की झडप आपोआप बंद, ओहोटी लागली की आपोआप उघडी. आम्ही ती बघायला रोज जायचो, जत्रेला गेल्यासारखे.

आणि सुख आलं. ते मी नाकारत नाही. खांड नाही, आरोळी नाही. दोन-तीन पावसात जमीन गोडी झाली. गावात तळं खणलं, त्याचं पाणी तोंडात घेता येऊ लागलं. बांधावरून बैलगाडी जाऊ लागली. बाळंतीण अडली तर पूर्वी तिला झोळीत घालून चिखलातून न्यायचे, आता गाडीत घालून पनवेलला नेता आली. किती पोरी वाचल्या असतील त्या रस्त्याने! डोंगराकडचे लोक आपण होऊन आमच्यात मुली द्यायला लागले. चांगुणा तळ्यावरून हंडा आणायची आणि उंबऱ्यात उभी राहून मला म्हणायची, "वरीस-वरीस दुसऱ्याच्या गावचं पानी पिलं. आता माज्या गावचं." माझ्या गावचं, असं ती पहिल्यांदा म्हणाली.

काही गेलंही. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावणारी घरं होती, त्यांची जाळी कोरडी पडली. ती घरं उरणकडे निघून गेली. जिताडा मासा शेतातल्या खड्ड्यात वाढायचा, तो दिसेनासा झाला. निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारायच्या, त्यांचं कालवण चांगुणा असं करायची की शेजारी वाटी घेऊन यायचे. निवट्याच राहिल्या नाहीत. पण पोटभर पांढरा भात खाणारा माणूस माशासाठी किती दिवस रडणार?

आणि टाच गेली. बांधावर पाटी लागली होती, हात लावू नये म्हणून. गोमा पाटील आमचा बांधाचा म्होरक्या, खांड गेली की त्याचीच आरोळी. तो म्हणायचा, "सरकारचा बांध म्हंजे गावाचा जावई. त्याला काय बोलाचा नाय, हात लावाचा नाय, नुसता बघाचा." सगळे हसायचे. हसता हसता आम्ही खरंच नुसतं बघायला लागलो.

मग एका साली देवळात गाव बसला. विषय निघाला गावच्या चिखलाचा. मोकळी जमीन पडून आहे, तिचं करायचं काय? गोमा पाटीलच म्हणाला, "आता चिखल ठेवून काय तोंडाला फासाचा हाय? वाटून घ्या!" पुन्हा हसू. एकही माणूस नको म्हणाला नाही. नको म्हणण्यासारखं काही दिसतच नव्हतं. दर घराला तुकडा आला. आमच्या वाट्याला झडपेजवळचा कोपरा आला, एकच खाचर, पण आमचं. माझ्या सात पिढ्यांत कुणाला आपलं म्हणून शेत नव्हतं.

चांगुणाने त्या खाचराला काय केलं नाही! माझा नांगर तिच्या पसंतीला उतरेना. माहेरी जाऊन पांढऱ्या भाताचं बियाणं घेऊन आली. लावणीला दुसऱ्या बाईला हात लावू दिला नाही. भात उभं राहिलं तेव्हा मी म्हणालो, "एवढं तू पोरांनाबी कुरवाळलं नाय." ती म्हणाली, "पोरं तुमची आन माजी. ह्ये येकलीचं."

मला ज्या भादव्याची गोष्ट सांगायची आहे तो त्याच्यानंतरचा. पुनवेच्या उधाणाला बांधाच्या आतल्या अंगाला, आमच्या खाचरासमोर, दगडांच्या खालून पाणी झिरपताना दिसलं. खेकड्याचं बीळ. पूर्वी टाचेचं काम. पण दगडाच्या आतल्या बिळापर्यंत टाच पोचेना, आणि बांध सरकारचा. माणसं पनवेलला कचेरीत जाऊन सांगून आली. ओव्हरसियर साहेब आला, धोतरासारखी पँट वर खोचून चिखलात उतरला, बघितलं, म्हणाला, "पायथ्याशी खणू नका, बांध सुटेल. मी दगड पाठवतो." चुकीचं बोलला नाही. दगड पळसप्याला पडून होता. पण पावसाने रस्ता असा झाला होता की गाडी रुतली ती रुतलीच. आम्ही बिळापाशी बांबू रोवून त्याला फडकं बांधलं, आणि बघत बसलो.

सर्वपित्री अवस. घरोघर पितरांचा स्वयंपाक झालेला, बाया पानं घेऊन कावळ्यांना हाका मारतायत, आणि दुपारच्या भर उधाणाला बांध गेला. आवाज फार नाही झाला. मोठा माणूस खाली बसताना उसासा टाकतो, तेवढाच. गोमा पाटलाने आरोळी दिली, पण तोंडात घास होता, ती नीट बाहेरच आली नाही. किती वर्षं झाली होती, नव्या पोरांना कळेना की हा म्हातारा ओरडतोय काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला गाव जमला. साहेबही होता, त्याचे बूट आदल्या दिवशीच चिखलाने गिळलेले. रांगा झाल्या. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चिखल कुठून घ्यायचा? पट्टाभर भात उभं होतं. खांडीच्या तोंडाशी होतं आमचं खाचर. कालच्या पाण्यात बुडून वर आलेलं, पण उभं. धुवून निघेल, वाचेल, अशी आशा चांगुणाला रातभर होती. मला माहीत आहे, मी शेजारीच होतो.

गोमा पाटील तिच्यासमोर उभा राहिला. शेवटी म्हणाला, "वयनी..."

चांगुणा म्हणाली, "कशाला थांबलाव? पानी काय तुमच्यासाटी थांबनार हाय?" आणि स्वतःच खाचरात उतरली. दूध भरलेलं भात मुठीमुठीने उपटायला लागली. पेंढा म्हणून. एक भारा झाला, तो तिने माझ्या अंगावर टाकला. "धरा," म्हणाली. मी धरला. ओला होता, जड होता. मग फावडी चालली. त्या सकाळी सगळ्या गावाने तिचं शेत खणून खांडीत घातलं.

तोंड बंद झालं. झालं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. साहेबाने टोपी काढून डोकं पुसलं. पोरं नाचली. मग दुपारची भरती चढली. जुन्या बांधात चिखलाला चिखल धरायचा. इथे दोन्ही बाजूंना दगड, आणि दगडाला चिखल धरत नाही. आधी कडेने पाण्याची एक रेघ आली. मग बोटभर. मग सगळा गोळा, पेंढ्यासकट, भातासकट, आत आला आणि पसरला. साहेब उलटा फिरला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. त्याला कुणी दोष दिला नाही. चांगुणा फक्त म्हणाली, "घरी चला. पानात वाढलेलं कालपासून तसंच हाय."

दिवाळीनंतर दगडाच्या गाड्या आल्या आणि खांड पक्की बुजली. सरकारने कामात कसूर केली नाही. पुढच्या पावसांत सगळ्यांची जमीन धुतली गेली, पुन्हा गोडी झाली, पुन्हा पांढरं भात आलं. आमच्या खाचराच्या जागी खड्डा राहिला. खाऱ्या पाण्याचा, पुरुषभर खोल. त्यात पाणी आपोआप चढायचं आणि उतरायचं, जसं खाडीत. गावाने दुसरा तुकडा द्यायला पाहिजे होता. दिला नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण लावलेलं शेत कोण सोडतो?

चांगुणाने खड्डा भरायला घेतला. चुलीतली राख, जुन्या चुली, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, भिंत सारवताना पडलेले पोपडे, गोठ्यातला कचरा, तळ्याचा गाळ. धुण्याला निघाली तरी डोक्यावर पाटी. मी चिडायचो. "खाडी भराया निगालीस काय गो?" म्हणायचो. ती म्हणायची, "खाडी नाय. माजं शेत." उन्हाळ्यात ती भरायची, पावसाळ्यात ते बसायचं, खचायचं. पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात. तिला वेड लागलंय असं बाया पाणवठ्यावर बोलायच्या. मग त्याच बाया आपल्या घरची राख तिच्या पाटीत आणून टाकायच्या. नंतर नंतर मीही पाटी उचलली. शेवटच्या उन्हाळ्यात खड्डा काठाला आला होता. ती काठावर बसून म्हणाली, "फुडल्या साली लावू." श्रावणात ताप आला. बांधावरूनच गाडीने पनवेलला दवाखान्यात नेली. रस्ता चांगला होता, गाडीला धक्का बसला नाही. परत आणतानाही बसला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात सरकारने बांध आणखी उंच आणि रुंद करायला काढला. आतून मातीचा भराव, बाहेरून दगड. आणि माती हवी. सगळी शेतं कसलेली. मोकळी, भुसभुशीत, जवळची जमीन एकच. मुलगा म्हणाला, "बाबा, देऊन टाका. खड्डाच तर होता तो." गोमा पाटील काठी टेकत माझ्या ओटीवर आला. आता तोही थकलाय.

"तुला इचाराया आयलू," म्हणाला.

"तिला इचार," मी म्हणालो.

"ती हाय कुठं आता?"

"म्हनून तर आयलास."

सुनेने आणलेला चहा त्याने प्यायला नाही. उठताना म्हणाला, "बांध नाय वाढला तर समद्यांचं जाईल रं." हे मला कळत नव्हतं असं नाही. मी मान हलवली. काय करणार? गावातलं प्रत्येक भात त्या बांधाच्या आत उभं आहे. माझ्या मुलाचं पोट तेवढं डेपोत आहे, बाकी सगळ्यांचं तिथेच.

खणायला कातकरी बायका आल्या. मी रोज जाऊन बसायचो. फावड्याने कापलं की कडेला थर दिसायचे, राखेचे काळे, गाळाचे निळसर, पोपड्यांचे तांबूस. मधून मधून खापऱ्या. एका थरात अख्खी चूल निघाली, तिन्ही उंचवट्यांसकट, अजून काळी. आमचीच. मुलीच्या लग्नात नवी घातली तेव्हाची जुनी. पाटी भरत असलेली बाई थांबली. तिने चुलीवर बोट फिरवलं, बोटाला काजळी आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हितं कुनाचं घर व्हतं का?"

"नाय," मी म्हणालो. "शेत व्हतं."

"शेतात येवढी राख?"

तिने चूल फावड्याने फोडली, तुकडे पाटीत भरले, आणि पाटी जड झाली म्हणून इकडेतिकडे बघितलं. दुसरी बाई लांब होती. मी उठलो, एका अंगाने पाटीला हात दिला, ती तिच्या डोक्यावर चढवली. बाई चढण चढून वर गेली आणि बांधावर पाटी ओतून रिकामी परत आली.

मग मी पुढची पाटी उचलून दिली.